मॅकडॉवेल बघा, मग दाखला द्या

गडचिरोलीतून लोहखनिज बाहेर पडायला लागल्यापासून एक वाक्य पुण्या-मुंबईच्या प्रत्येक चर्चेत डोकं वर काढतं: खाणी वाढू द्या, अमेरिका अशीच मोठी झाली. समोरचा जंगलाबद्दल, ग्रामसभेबद्दल बोलू पाहतो, पण अमेरिकेचं नाव निघालं की आपल्याकडे वाद मिटल्यासारखा असतो. ठीक आहे. मग त्याच अमेरिकेतला एक खाणजिल्हा घेऊ.

वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे गडचिरोलीच्या एक-दशांशाइतकंही नाही. डोंगर एकमेकांना इतके खेटलेले की सपाट जागा फक्त ओढ्याकाठी, आणि तिथेच रूळ, रस्ता, घरं सगळी दाटीवाटीने. त्यामुळे पूर आला की सगळं एकदमच पाण्यात जातं. २००१, २००२ आणि २०२५ ला तेच झालं. १९०० च्या जनगणनेत इथे १८,७४७ माणसं होती. १९५० मध्ये ९८,८८७ झाली. २०२० मध्ये १९,१११. सव्वाशे वर्षं पोकाहोंटास थरातला उत्तमातला कोळसा काढला आणि लोकसंख्या जिथून निघाली होती तिथेच येऊन टेकली.

कोळसा संपला असेल, असं वाटतं ना? तसं नाही. १९५० मध्ये खाणमालक आणि कामगार संघटनेत राष्ट्रीय करार झाला. संघटनेने यंत्रं येऊ दिली, बदल्यात उरलेल्या कामगारांना चांगला पगार आणि आरोग्य-पेन्शनचा निधी मिळवला. त्यात आलं ‘कंटिन्युअस मायनर’, म्हणजे सुरुंग न लावता कोळसा कापणारं आणि भरणारं एकच यंत्र. पुढच्या दहा वर्षांत काउंटीतली सत्तावीस हजार माणसं कमी झाली. कोळसा निघतच राहिला, माणसं नको झाली. दुसरा घाव १९८० च्या दशकातला. अमेरिकन पोलाद कोसळलं, यू. एस. स्टीलने स्वतः वसवलेल्या गॅरी गावच्या खाणी बंद केल्या आणि १९८० चे ४९,८९९ लोक १९९० मध्ये ३५,२३३ उरले. गडचिरोलीत किती रोजगार येणार याचे आकडे फेकणाऱ्यांनी हा पहिला टप्पा नीट वाचावा. आजची खाण सुरू होतानाच यंत्रांवर सुरू होते. मॅकडॉवेलला निदान ती पन्नास वर्षं तरी मिळाली.

अशा काउंटीचे आकडे वाचायचीही एक रीत आहे. दाखले देणारे नेमके तिथेच फसतात.

बेरोजगारीच्या दरापासून सुरुवात करू नका. तो फक्त काम शोधणाऱ्यांना मोजतो. जो शोधायचा थांबला, ज्याची पाठ गेली, ज्याच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसली, तो त्या हिशेबात नाहीच. बघायचं ते १६ वर्षांवरच्यांपैकी कामावर किंवा कामाच्या शोधात किती आहेत हे. मॅकडॉवेलमध्ये हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घुटमळतं. देशात ते ६० टक्क्यांच्या वर आहे.

घरमालकीही फसवी. इथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या ६५ टक्क्यांहून जास्त आहे. हे समृद्धीचं लक्षण नाही. कंपन्यांनी काढता पाय घेताना चाळींसारखी एकसारखी घरं कामगारांना विकली, मुलं बाहेर गेली, म्हातारे राहिले, आणि घराला गिऱ्हाईक नाही. घर नावावर आहे, पण विकून दुसरीकडे एक खोलीही येणार नाही.

लोकसंख्येच्या आकड्यातच कैदीही आहेत. काउंटीचं मुख्य गाव वेल्च, त्याच्याजवळ २०१० मध्ये संघीय तुरुंग सुरू झाला, आणि जनगणना कैद्याला त्याच्या गावात नव्हे, तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. जेमतेम एकोणीस हजारांच्या काउंटीत त्याने स्त्री-पुरुष प्रमाण, वयोगट, वंश सगळंच हलतं. दारिद्र्याचा दर काढताना मात्र कैदी वगळतात. म्हणजे एकाच तक्त्यातल्या दोन टक्केवाऱ्यांचा छेद वेगळा असतो. शिवाय ६५,००० पेक्षा लहान काउंटीचा एका वर्षाचा सर्वेक्षण-अंदाज जनगणना विभाग छापतच नाही, पाच वर्षांची सरासरी देतो. तिच्याशेजारी आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ती त्रुटीची मर्यादा लिहिलेली असते. ती न बघता ‘यंदा गरिबी दोन टक्के घटली’ म्हणणं म्हणजे निव्वळ हवा. हे सगळं सांभाळूनही उरतं ते असं: साधारण एक-तृतीयांश लोक दारिद्र्यरेषेखाली, आणि मध्यम घराचं उत्पन्न देशाच्या निम्म्याहून कमी. अमेरिकेची आजची फूड स्टॅम्प योजना, म्हणजे गरिबांना अन्नधान्यासाठी सरकारी मदत, १९६१ मध्ये सुरू झाली ती याच काउंटीत. २०१६ च्या जानेवारीत इथलं वॉलमार्ट बंद झालं, तेव्हा नोकऱ्या गेल्याच, शिवाय गरिबांच्या अन्नपेढीला जाणारा मालही थांबला. त्याच वर्षी, २००८ ला ओबामांना निवडणाऱ्या या काउंटीने जवळजवळ तीन-चतुर्थांश मतं ट्रम्पना दिली.

आता मूळ प्रश्न: एवढा कोळसा गेला, पैसा का राहिला नाही?

कारण अमेरिकेत जमिनीचा पृष्ठभाग आणि पोटातलं खनिज यांची खरेदीखतं वेगळी होऊ शकतात. १८८० नंतर दलालांनी डोंगर एकरामागे किरकोळ रक्कम देऊन घेतले आणि १९०१ मध्ये त्यातला प्रचंड भाग नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या हाती गेला. जमीन, खनिज, रूळ, घरं, दुकान, सगळं बाहेरच्या मालकाचं. खंड आणि नफा फिलाडेल्फिया-न्यूयॉर्ककडे. काउंटीच्या ‘उत्पादना’त कोळशाची किंमत धरली जाते, पण ‘लोकांच्या उत्पन्ना’त तिथे राहणाऱ्याच्या हाती पडलेलंच. अमेरिकेत हे दोन आकडे वेगवेगळे छापतात. मॅकडॉवेलमध्ये लोकांच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग तर पेन्शन, अपंगत्व भत्ता आणि सरकारी वैद्यकीय मदतीतून येतो. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत ‘दरडोई जिल्हा उत्पन्न’ म्हणून जे येतं ते पहिल्या जातीचं आहे, उत्पादन. उद्या त्या यादीत गडचिरोली वर सरकली, तर खाण असलेल्या एटापल्ली तालुक्यातल्या घरात काय आलं हे त्यातून कळणार नाही. शेजारच्या कोळसाखाणींच्या चंद्रपूरकरांना विचारा.

करातही अमेरिका आदर्श नाही. वेस्ट व्हर्जिनियात पोलादासाठीच्या कोळशावरचा उत्खनन-कर विक्रीकिमतीच्या ५ टक्के, पातळ थरांना सवलत. त्या ५ टक्क्यांतला स्थानिक संस्थांचा मूळ वाटा ०.३५ टक्के, आणि त्याचेही फक्त तीन-चतुर्थांश खाणींच्या काउंट्यांना. शंभर डॉलरच्या कोळशामागे सव्वीस सेंट. आपल्याकडे लोहखनिजाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) सरासरी विक्रीकिमतीच्या १५ टक्के, आणि १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा खाणपट्टा असेल तर त्याच्या ३० टक्क्यांइतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणबाधितांसाठीच्या निधीला. शंभर रुपयांमागे साडेचार. गडचिरोलीतल्या सूरजागडचा पट्टा २००७ चा, म्हणजे या गटातला. तेव्हा ‘अमेरिकेसारखं करा’ म्हणणाऱ्यांनो, कायदा तुमचा बरा आहे. बोंब अंमलात आहे. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत किमान ६० टक्के निधी पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्चायला सांगितलं होतं. प्रतिष्ठानचा ताळेबंद मागवा आणि किती निधी इमारतींत आणि रस्त्यांत गेला ते मोजा. यासाठी माझ्यासारख्याची गरज नाही, पण चर्चेत हे कुणी करताना दिसत नाही.

‘अमेरिकेत बसून शिकवू नका’ हे उत्तर येणार, आणि त्यात तथ्य आहे, वेगळ्या कारणाने. आम्ही इथली मराठी माणसं जी अमेरिका घरी सांगतो ती लाउडन, मिडलसेक्स, सांता क्लाराची, देशातल्या श्रीमंत काउंट्यांची. मॅकडॉवेलसारख्या भागाशी आपला संबंध आला तो भारतीय डॉक्टरांमुळे: व्हिसाची अट अशी की डॉक्टरटंचाईच्या जागी तीन वर्षं काढा. ती संपली की बहुतेकांचे पाय उपनगराकडे वळतात. गावी ग्रामीण सेवेचा बाँड दंड भरून चुकवणाऱ्यांना आम्ही नावं ठेवतो, तीही त्याच उपनगरातून. मॅकडॉवेल माझी नाही आणि गडचिरोलीही कधी माझी नव्हती. महाराष्ट्रात असताना ती फक्त बदलीची शिक्षा म्हणून माहीत होती.

पोलादाच्या झोतभट्टीला लोहखनिजाबरोबर कोकिंग कोळसा लागतो. भारताकडे तो पुरेसा चांगला नाही, म्हणून बहुतेक आयात होतो, काही अमेरिकेतून. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियाचे डबे नॉरफोकच्या लॅम्बर्ट्स पॉइंट धक्क्यावर रिकामे होतात आणि तिथून जहाजं निघतात, त्यातली काही आपल्या बंदरांकडे. डबे परत डोंगरात जातात ते रिकामेच.