लाइटहाउसचे १०० गुण आणि मराठी वेबसाइट

वेबसाइट बनवून देणारे ग्राहकाला हल्ली एक स्क्रीनशॉट पाठवतात: लाइटहाउस (वेबसाइट तपासणारं गूगलचं मोफत साधन), अ‍ॅक्सेसिबिलिटी १००. म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता येते, असा दावा. तेवढ्यावर काम झालं असं मानू नका. त्या आकड्यामागे अ‍ॅक्स-कोअर हे तपासणी करणारं इंजिन (थोडक्यात अ‍ॅक्स) असतं. ते डीक्यू सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचं, २०१५ पासून सर्वांना मोफत खुलं. लाइटहाउस त्यातले निवडक नियमच चालवतं. आणि पहिल्या ऑडिटमध्ये निघणाऱ्या दोषांपैकी साधारण ५७ टक्केच यंत्राला सापडतात, हा हिशेब डीक्यूने स्वतःच प्रसिद्ध केलेला आहे.

अ‍ॅक्स खोटी तक्रार करायची नाही या तत्त्वावर बांधलंय. जिथे खात्री नाही ते 'नीड्स रिव्ह्यू'मध्ये (माणसाने तपासायच्या यादीत) टाकतं आणि नेमका तोच भाग कुणी उघडत नाही. फोटोवर लिहिलेला मजकूर तिथेच सापडेल. साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी ४.५:१ कॉन्ट्रास्ट (रंगांच्या उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. फोटोवर तो रंगांचे नमुने घेऊन आपणच मोजायचा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पान उघडलं, एकदा स्कॅन केलं, संपलं. अ‍ॅक्स त्या क्षणी दिसतं तेवढंच तपासतं. मेनू उघडा, पुन्हा स्कॅन. फॉर्म रिकामा सबमिट करून एरर येऊ द्या, पुन्हा स्कॅन. पॉपअप, ओटीपीची खिडकी, सगळ्यांचं तेच. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केपवर अख्खा व्यवहार पूर्ण करा. फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता कोणत्या बटणावर किंवा रकान्यावर आहे, ते प्रत्येक पावलाला दिसलं पाहिजे, आणि पॉपअप बंद केल्यावर तो उघडणाऱ्या बटणावरच परतला पाहिजे.

मराठी साइटची खरी दुखणी मात्र यंत्राच्या हिरव्या खुणेखालीच लपतात. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड 'एमआर' (मराठी) हवा. टेम्प्लेट इंग्रजी असल्याने 'ईएन' तसंच राहतं आणि अ‍ॅक्स ते पास करतं, कारण तो कोड वैध आहे. तो बरोबर आहे की नाही, हे ते पाहत नाही. मग स्क्रीन रीडर (अंध वापरकर्त्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरीची वाट लागते. काही जण 'एचआय' घालतात. तेव्हा हिंदी आवाज 'चांगला'मधला च चहातल्या चसारखा म्हणतो आणि २५ रुपये 'पच्चीस' होतात. बँकेच्या पानावर हे चालवून घेऊ नये. इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्यालाच वेगळी भाषा लावा.

दुसरं दुखणं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचं. डोळ्यांना सुंदर मराठी दिसते, पण कोडमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा असतो, स्क्रीन रीडर तोच वाचतो. अ‍ॅक्सला हे कळणं शक्य नाही. ओळखायची पद्धत सोपी: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, मराठीऐवजी कचरा दिसला तर फॉन्ट जुना. चित्रांच्या ऑल्ट टेक्स्टचंही (स्क्रीन रीडर वाचतो ते चित्राचं वर्णन) तसंच. तिथे नुसतं फाइलचं नाव असलं तरी पास! स्कॅन करून चढवलेली पीडीएफ तर या तपासणीत येतच नाही.

शेवटची पायरी एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर. मोफत आहे, त्यातल्या ई-स्पीक या बोलणाऱ्या इंजिनात मराठी आवाज आहे. स्क्रीन बंद करून फॉर्म भरा.

हे करायचं की नाही हा आता मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क मानला. प्रकरण होतं ई-केवायसीचं (ऑनलाइन ओळख पडताळणीचं): कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणणारं अ‍ॅप, आणि ते शक्य नसलेले अंध व अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेले नागरिक. असा दोष कुठलंही स्वयंचलित साधन दाखवत नाही.

म्हणून काम देताना करारात गुणांचा आकडा मागू नका. दर महत्त्वाच्या व्यवहाराचं, एनव्हीडीए आणि मराठी आवाजावर, फक्त कीबोर्डने पूर्ण केलेलं रेकॉर्डिंग मागा, आणि ते शक्यतो रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून करून घ्या, त्याच्या वेळेचे पैसे देऊन.