कोचीबद्दलचा तो फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सुट्ट्या जवळ आल्या की तो मेसेज परत फिरायला लागतो, काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला. म्हणे मसाल्याचा व्यापार वास्को द गामाने सुरू केला, सगळे मसाले मूळचे केरळचेच, आणि कोचीत आता बघण्यासारखं काही उरलं नाही, अर्ध्या दिवसात उरका आणि मुन्नार गाठा. वाचून जीव तुटतो, म्हणून लिहायला बसले.

आधी गामाचं. तो १४९८ ला कालिकतजवळ उतरला, तेही आफ्रिकेतल्या मालिंदीहून वाटाड्या घेऊन, कारण ती वाट इथल्या दर्यावर्दींना कधीचीच पाठ होती. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात देवळाच्या आवारात भारतातला एक रांजण सापडलाय, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती, पहिल्या शतकातली! जुन्या तमिळ कवितेत यवनांची, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांची, जहाजं सोनं घेऊन येतात आणि मिरी भरून परत जातात. कोचीच्या उत्तरेला पट्टणमला २००७ पासून खोदकाम झालं, तिथे रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्या निघाल्या. पोर्तुगीजांनी व्यापार सुरू नाही केला हो, चालू असलेला व्यापार तोफेच्या धाकाने ताब्यात घ्यायला बघितला, आपला परवाना घेतला नाही म्हणून लोकांची जहाजं लुटली.

सगळे मसाले केरळचे, हेही चूक. लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं. मिरची तर अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, आपल्याकडे तिखटाला आधी मिरीच होती आणि त्यावरूनच मिरची हे नाव पडलं. मिरी आणि वेलची मात्र खरंच इथल्या डोंगरातली.

आणि अर्धा दिवस? फोर्ट कोचीत मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर फोटो काढून गाडीत बसलात तर अर्धा तासही पुरेल. कोचीतल्याच मट्टनचेरीला बाजार रोडवर पायी फिरा. मी गेले तेव्हा एका जुन्या वखारीत सुंठीच्या गोण्या उतरत होत्या, दारातच नाक झणझणलं. (तिथलं १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, दिवस बघून जा.) चेरलाईला कोकणी लोकांचं तिरुमल देवस्वम् हे देऊळ आहे, त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या जाचाने गोव्याहून इथे आले. डच गव्हर्नरने मलबारच्या झाडांवर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करवून घेतला, १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला, त्याला मदत करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते आणि त्यांचं कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत त्यात छापलंय. आपल्या लिपीतला मजकूर तेव्हा ॲमस्टरडॅमला छापला जातो आणि आपण म्हणायचं बघण्यासारखं काही नाही?

मुन्नारला जरूर जा, पण जानेवारी-फेब्रुवारीत जमलं तर त्याच इडुक्की जिल्ह्यात एखाद्या घराच्या अंगणापाशी थांबा. घोसातले एकदोन दाणे लाल झाले की मिरी खुडतात, मग हिरवीगार चटईवर पसरतात आणि उन्हात ती दिवसागणिक सुरकुतत काळी पडत जाते.