उरलेली पाच घरं

गेले काही महिने रोज रात्री मी कॉम्प्युटरवर एकच गेम खेळतेय, पेंटोमिनो. पाच-पाच चौकोनी घरं जोडून केलेले बारा तुकडे, प्रत्येकाचा आकार वेगळा. पट सहा बाय दहाचा. बारा पंचे साठ, आणि घरंही साठच. तुकडा उचलायचा, फिरवायचा, हवा तर उलटा करायचा आणि बसवायचा. बस, एवढंच.

अकरा तुकडे बसतात. बारावा हातात असतो, पटावर बरोबर पाच घरं मोकळी असतात, पण ती भलत्याच आकाराची! सुरुवातीला वाटायचं, अगदी थोडक्यात हुकलं. आता कळतं की हिशेबच तसा आहे, अकरा तुकडे बसले की पाचच घरं उरणार. चूक बाराव्या तुकड्यात नसतेच, ती चौथ्या-पाचव्या तुकड्यापाशी कधीच होऊन गेलेली असते.

म्हणूनच या खेळांमधल्या हिंटच्या बटणावर माझा मनापासून राग आहे. हिंट एक तुकडा जागेवर नेऊन ठेवते. पण माझा आधीचा कुठला तुकडा चुकला आणि का चुकला, हे ती सांगत नाही. त्या 'का'साठीच तर मी बसलेली असते. टायमरचंही तेच. रशियन प्रोग्रॅमर अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 1984 मध्ये मॉस्कोत टेट्रिस लिहिला तो पेंटोमिनोवरूनच सुचून, पण त्यांनी तुकडे चार घरांचे केले आणि वरून पडते ठेवले. तिथे वेग हाच खेळ आहे, मला तोही आवडतो. पण जिथे तुकडे निवांत समोर पडलेत, तिथे कोपऱ्यात घड्याळ कशाला? घाईत माणूस तुकड्याकडे बघतो. बघायची असते मोकळी जागा.

हे कळायला मला बरेच दिवस लागले. पटाचा एखादा भाग बाकीच्यापासून तुटला की आधी त्यातली घरं मोजायची. पाचाच्या पटीत नसतील तर पुढे खेळण्यात अर्थ नाही, मागे फिरायचं. अधिकच्या चिन्हासारखा तुकडा कोपऱ्यात घुसवला की कोपऱ्यातलं एक घर एकटं पडतं, म्हणजे तो डाव तिथेच संपला. सहा बाय दहाच्या पटाची 2,339 वेगवेगळी उत्तरं आहेत. कॉलिन आणि जेनिफर हेझलग्रोव्ह यांनी 1960 मध्ये ती संगणकाकडून मोजून घेतली. इतकी उत्तरं असूनही पहिलं सापडायला मला अकरा रात्री लागल्या, आणि त्या अकरा रात्री मी कुणाला देणार नाही.

मधे एकदा चार-चार घरांचे पाच वेगवेगळ्या आकारांचे तुकडे घेऊन चार बाय पाचचा पट भरायला बसले. वीस घरं, सोपं वाटलं. तीन संध्याकाळी गेल्या. मग पट बुद्धिबळासारखा काळा-पांढरा रंगवून पाहिला. दहा काळी, दहा पांढरी. पाचातले चार तुकडे कसेही ठेवा, दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात. टीच्या आकाराचा तुकडा मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्याची एकच झाकतो. म्हणजे बेरीज दहा-दहा होणारच नाही. तो पट भरताच येत नाही! खुर्चीतून उठून खोलीभर फिरले मी. उत्तर नाही हे स्वतः शोधून काढण्याचा आनंद उत्तर सापडण्यापेक्षा मोठा होता. हिंटचं बटण असतं तर दुसऱ्याच मिनिटाला त्यानं 'जमणार नाही' सांगून मला घरी पाठवलं असतं.

सध्या तीन बाय वीसचा पट उघडलाय. त्याची उत्तरं दोनच आहेत, ती मी पाहिलेली नाहीत. पट इतका चिंचोळा की अधिकचा तुकडा कुठेही ठेवला तरी पटाचे दोन भाग होतात, आणि दोन्हीकडची घरं पाचाच्या पटीत हवीत. काल कागदावर मांडून पाहिलं. त्या तुकड्याचा मधला उभा दांडा तिसऱ्या, आठव्या, तेराव्या किंवा अठराव्या स्तंभातच येऊ शकतो. आरशातली प्रतिमा वगळली की तिसरा आणि आठवा, दोनच उरले. तिसऱ्यात ठेवला तर डावीकडे पाच घरं राहतात, नेमकी यूच्या आकाराची. आज रात्री तिथून सुरुवात करणार आहे.