बँकॉकमधलं 'बरं' हॉटेल

बँकॉकला जायचं ठरलं एका संध्याकाळी, तिकिटं सेलमध्ये होती ती चहा गार व्हायच्या आत काढली, आणि हॉटेलचा घोळ मात्र गणपती गेले, दसरा झाला तरी चालूच. सगळा दोष आमच्या बजेटचा. अगदी स्वस्तात जायचं तर खाओ सान रोडला डॉर्ममध्ये पाठ टेकायची, अपेक्षाच नाही तर भांडण कसलं. बक्कळ पैसे असतील तर चाओ फ्राया नदीकाठी राहायचं, ती मंडळी रिव्ह्यू वाचतच नसणार. मधल्यामध्ये आम्ही. रात्रीचे पाच-साडेपाच हजार मोजणार म्हणजे झुरळ चालणार नाही आणि स्विमिंग पूल हवाच, भले घरात एकालाही पोहता येत नसेना का.

त्यात प्रत्येकाची अट वेगळी. नवऱ्याला बीटीएस म्हणजे ती डोक्यावरून जाणारी ट्रेन जवळ हवी. साइटवर लिहिलेलं असतं 'स्टेशनपासून ४०० मीटर', पण ते कावळ्यासाठी. माणसाला मध्ये सेन सेप कालवा लागतो आणि पूल असतो भलतीकडेच. सुखुमवित रोडवर तर गल्ल्यांना, म्हणजे सोईंना, एका बाजूला विषम नंबर आणि दुसऱ्या बाजूला सम, इथपर्यंत ठीक आहे, पण थाँग लो स्टेशनपाशी सोई ५५ च्या समोर सोई ३८ येते. म्हणून मी आता रात्री जेवणं आटपली की स्ट्रीट व्ह्यूवर स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बोटाने चालत जाते. कोपऱ्यावर केशरी जाकिटातले मोटारसायकल टॅक्सीवाले, वर वायरींचा गुंता, फूटपाथवर नूडल्सची गाडी, मग सेव्हन इलेव्हन, मग अजून एक सेव्हन इलेव्हन. परवा आईंनी विचारलं, "काय गं, कुठे पोचलीस?" म्हटलं, फया थाई स्टेशन.

बाबांना (सासरे) इंडियन जेवण हवं म्हणून त्यांनी स्वतः नकाशा बघून नाना स्टेशन निवडलं. नाव कसं आपल्यातलं वाटतं म्हणे. आणि तिथे भारतीय रेस्टॉरंटं आहेतही भरपूर. पण तिथेच सोई ४ मध्ये नाना प्लाझा नावाची तीन मजली बिल्डिंग आहे आणि त्या तीन मजल्यांवर काय चालतं हे बाबांना कोणी सांगायचं यावरून आमच्या दोघांत अबोला झाला. शेवटी नवऱ्याने "तिथे फार गर्दी असते" एवढंच सांगून विषय मिटवला.

आईंची अट एकच, संडासात जेट स्प्रे. तशी थायलंडमध्ये त्याची चिंता नाही, बहुतेक ठिकाणी असतोच, पण आईंना पुरावा लागतो. त्यामुळे मी बाथरूमचे फोटो झूम करत बसते. कमोडच्या मागे काहीतरी चकाकतंय ते जेट आहे की टिश्यूचा स्टँड, यावर घरात मतदान झालंय. हे करताना दुसराच शोध लागला. या रेंजच्या बऱ्याच हॉटेलांत बाथरूम आणि बेडरूमच्या मध्ये भिंत नाही, काच आहे. पूर्ण काच! कोणी पडदा आहे म्हणतं, कोणी म्हणतं पडदा आहे पण बाहेरच्या बाजूने. सासू-सासऱ्यांना अशी खोली कोण देणार? ही हॉटेलं सरसकट बाद, मग ब्रेकफास्ट कितीही चांगला असो.

रिव्ह्यूंनी तर डोकं उठवलंय. एकाला एसी फार थंड, त्याच आठवड्यात त्याच हॉटेलात दुसऱ्याला एसी चालतच नव्हता. एका बाईंनी पाऊस पडला म्हणून एक स्टार दिलाय. 'सुपिरियर' म्हणजे सगळ्यात लहान खोली हे आता पाठ झालंय. रेटच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर ७ टक्के व्हॅट, म्हणजे १७.७ टक्के वरून. आणि आपलं विमान उतरणार भल्या पहाटे, चेक-इन दुपारी दोनला. लवकर खोली द्याल का असं विचारलं तर उत्तर येतं, उपलब्धतेनुसार, आणि शेवटी हात जोडलेला इमोजी. एवढं गोड नको, हो की नाही सांगा!

शेवटी फया थाईचं एक बुक करून ठेवलंय. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वे थेट तिथे येते, खाली उतरलं की बीटीएस, बाथरूमला भिंत आहे आणि जेट ३ विरुद्ध १ मतांनी आहे. फ्री कॅन्सलेशन आज रात्री बारापर्यंत. ते बारा तिकडचे, म्हणजे आपले साडेदहा. आत्ता दहा वाजून दहा मिनिटं झालीयत आणि आई आतून विचारतायत, "खोलीत किटली आहे ना गं? सकाळी उठल्याउठल्या मला चहा लागतो." फोटोत कोपऱ्यात काहीतरी पांढरं दिसतंय. नवऱ्याला बोलावलंय बघायला.