दूधसागर सोडून पण बघा
गोव्यातल्या धबधब्यांवरच्या या लेखात सगळा भर दूधसागरावरच दिलाय, ३१० मीटरचा आहे, भव्य आहेच, पण आम्हा उत्तर गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुकेवाल्यांना घराजवळच किती आहे बघा ना, साखळीजवळ हरवळेचा धबधबा, बाजूलाच रुद्रेश्वराचं देऊळ, फार चालावंही लागत नाही. चालायचंच असेल तर दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीच्या अभयारण्यात सावरी नि मैनापी हे धबधबे आहेत. फोटोला ढगाळ दिवसच बरा, उन्हात पाणी नुसतं पांढरंफेक येतं. ट्रायपॉड लावून कॅमेऱ्याचं शटर पाव सेकंद उघडं राहील असं ठेवा आणि पोलरायझर फिल्टर असेल तर लावाच, ओल्या पानांवरची चकाकी जाते, हिरवा रंग खरा दिसतो. आणि वर डोंगरात पाऊस असेल तर पाण्यात उतरू नका प्लीज, खाली ऊन असलं तरी लोंढा अचानक येतो.