टाईमपास म्हणालात म्हणून एवढं लांब उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. चक्की बंद करून, अंगावरचं पीठ झटकून नुकतीच टेकली होती, अन् वाचल्यावर झोप काही लवकर लागली नाही. "धन्यवाद, लक्षात ठेवते" एवढं टाकून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही मनातून लिहिलं तर मी पण तसंच लिहिते, लांब झालं तर माफ करा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हे भाऊ मूळचे वाशिमकडचे, नोकरीपायी पुण्यात, आईवडील अजून गावीच वावर पाहतात. त्यांचं म्हणणं असं की विदर्भात कास्तकार मरून राहिला अन् ताई तुम्ही मटक्यातलं पाणी थंड काऊन होते, सिलिंडरवर अक्षर कायचं असते, दुपारी बारा वाजता सावली कुठं जाते असला टाईमपास लिहिता. दुसरं म्हणजे यातलं अर्धं व्हॉट्सॲपवरून उचललेलं असते, अन् खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही हे तर सरळ खोटं. अन् तिसरं, गावच्या म्हाताऱ्यांचे किस्से सांगून तुम्ही शहरातल्या लोकांपुढं आपल्याच माणसांचं हसू करता.

आधी कांदा, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. माझे सासरे आयुष्यभर बंडीच्या खिशात कांदा घेऊन वावरात गेले, मी ते पाहिलं अन् तसंच लिहून टाकलं, तपासलं नाही. चूक माझी. कांदा खाल्ला तर चांगलाच, पण खिशातला कांदा उन्हाचं काहीच ओढून घेत नाही. अन् मला जास्त लागलं ते याचं की हे मला माझ्याच मटक्याच्या पोस्टवरून कळायला पाहिजे होतं, ज्या पोस्टला तुम्ही टाईमपास म्हणालात. मटका पाझरते, बाहेरून ओला होते, ते पाणी हवेत उडून जाते अन् जाताना आतल्या पाण्याची गरमी घेऊन जाते. ती गरमी थोडीथोडकी नसते, एक लिटर पाणी असं उडून जायला जेवढी लागते तेवढ्यात मे महिन्यातलं सात-आठ लिटर पाणी चुलीवर उकळीला येईल. आपल्या अंगाचंही तसंच आहे, घाम वाळला की अंग थंड होते. आपल्याकडं मे मध्ये हवा कोरडी ठणठणीत म्हणून मटकाही चालते अन् कूलरही चालते, अन् तोच कूलर जुलैत लावला की नुसती चिपचिप होते कारण हवेलाच आधीचं पाणी पुरून उरलेलं असते, ती नवीन घेत नाही.

आता हे माणसाला लावून पाहा. मिरगाच्या तोंडावर आभाळ भरून येते, पाऊस पडत नाही, मोबाईल दोन-चार डिग्री कमी दाखवते अन् तरी माणूस मे पेक्षा जास्त घाबरा होते, कारण घाम अंगावरच राहते, वाळतच नाही. अन् नेमकं त्याच दिवसांत वखरणी, काडीकचरा वेचणं, बियाण्याची धावपळ. तेव्हा कामाची गोष्ट म्हणजे सावली, घडीघडी पाणी, मीठसाखर टाकून असलं तर अजून चांगलं, डोक्याला ओला दुपट्टा, अन् कोणी बरळायला लागलं किंवा चक्कर येऊन पडलं तर अंगावर पाणी टाकून वारा घालत दवाखान्यात नेणं. यात खिशातला कांदा कुठंच बसत नाही. उलट खिशात कांदा आहे म्हणून एखादा दुपारी दोन वाजता बिनधास्त वावरात उभा राहिला तर? हा विचार तुमची कमेंट वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. पोस्टमधली ती ओळ पुसली नाही, तिच्या खाली ती चूक आहे असं लिहून ठेवलं, म्हणजे ज्यांनी आधी वाचली त्यांनाही कळेल.

व्हॉट्सॲपचं मात्र मी मान्य करत नाही. आमची चक्की दारव्हा तालुक्यात, गाव लहान, लाईन केव्हा जाईल भरवसा नाही. लाईन गेली की दळण थांबते पण माणसं घरी जात नाहीत, पायल्या अन् डबे ठेवून तिथंच ओट्यावर बसतात, अन् मी जे लिहिते त्यातलं बहुतेक त्या ओट्यावरचं आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फुलाची पोस्ट आठवते का तुम्हाला? ती मला वेचणीला जाणाऱ्या एका मावशीनं सांगितली. ती म्हणाली, "पांढरं दिसलं तं आजचं, गुलाबी दिसलं तं कालचं." मी इथं सोळा वर्षं झाली नांदून राहिली, दर साली पऱ्हाटीवर दोन्ही रंगाची फुलं पाहिली अन् मला वाटे की दोन जातीची झाडं मिसळली असतील! मग मी एका फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला. सकाळी दुधाच्या सायीसारखं होतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, अन् मग सुकून गेलं. मागून पुस्तकात पाहिलं तर तेच, फूल एकच दिवस उमलते, परागीकरणाचं काम झालं की रंग बदलते.

अन् हे नुसतं गमतीचं राहत नाही भाऊ. फुलाकडं पाहायची सवय लागली की डोमकळी दिसते. पाकळ्या उघडतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून चिकटून राहतात, उकलून पाहिलं तर आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. बोंड वरून हिरवंगार दिसते अन् फोडल्यावर आत सगळं खाल्लेलं, तेव्हा फार उशीर झालेला असते, पण डोमकळी त्याच्या कितीतरी आधी दिसते. २०१७ ला बोंडअळीनं आपल्याकडं काय केलं ते तुमच्या घरीही माहीत असेल.

त्या २०१७ चंच आता सांगते, कारण चक्कीसमोरच्या फळ्यावर मी रोज असं काहीबाही लिहिते, ते त्या सालापासून. त्याआधी चक्कीसमोरच्या फळ्यावर फक्त दळणाचे भाव असत, गहू एवढे, ज्वारी एवढे, डाळ एवढी.

त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरायचा अन् तो वाऱ्यानं परत आपल्याच अंगावर यायचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. माझे दीर त्यातले. संध्याकाळी घरी आले तर डोळ्यापुढं धुकं म्हणे, उलट्या, तोंडाला फेस. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, कोणतं औषध होतं? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहून राहिलो. शिशी धुऱ्यावर फेकलेली. मी अन् पुतण्या गाडीवर परत गेलो, मोबाईलच्या उजेडात दोन-तीन शिश्या शोधल्या अन् तशाच पिशवीत घालून नेल्या. दीर वाचले, आठव्या दिवशी घरी आले.

त्या शिश्या मी रात्रभर हातात धरून बसली होती भाऊ, अन् तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं की प्रत्येकीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन आहे, मधातून आडवा दुभागलेला, अन् खालच्या तिकोनात रंग आहे. वर्षानुवर्षं ते डबे घरात आले होते, रिकामे झाल्यावर कोणी त्यात खिळे ठेवले (हेही करायचं नसते), अन् कोणालाच माहीत नव्हतं तो रंग कायचा! लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याच्यावर कवटी असते. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणजे निरुपद्रवी असं समजायचं नाही, तेही विषच, लालपेक्षा कमी एवढंच. अन् त्याच कागदावर बारीक अक्षरात विषबाधा झाली तर काय द्यायचं तेही लिहिलेलं असते, म्हणून डॉक्टर शिशी मागतात. अन् तोंडाला रुमाल बांधला की झालं असं जे आपण समजतो तेही खरं नाही, फवारताना जास्त विष कातडीतून जाते, घामानं अन् औषधानं भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहते त्यातून. आल्याबरोबर साबणानं अंघोळ अन् ते कपडे वेगळे धुणं, एवढं तरी पाहिजेच.

दीर घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दळणाचे भाव पुसले अन् चार रंगाच्या खडूंनी ते चार तिकोन काढले. फळ्याची सुरुवात ती.

आठ दिवस लोकांनी वाचलं, नवव्या दिवशी कोणी मान वर करेना. वर्षभर एकच इशारा लिहिलेला फळा असला तर तो भिंतीचा भाग होऊन जाते. मग मी एक दिवस लिहिलं की शंभराच्या नोटेवर मागून भाषांची जी पट्टी असते तिच्यात १५ भाषा आहेत अन् मराठी बरोब्बर मधात आहे, वर सात, खाली सात. त्या दिवशी पोट्ट्यांनी बापाच्या खिशातल्या नोटा काढून चक्कीसमोर मोजल्या. दुसऱ्या दिवशी येताना विचारत आले, आज काय लिहिलं काकू? तेव्हापासून रोज. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, असे ४० झाले की एक एकर, हे वाचून सातवीतल्या एका पोरीनं दोरी घेऊन घरामागचा वाडा मोजला. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर अन् पुढं साल असते, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं ते टाकीच्या तपासणीची मुदत सांगते, हे वाचल्यावर दोन घरांनी मुदत गेलेली टाकी दारातूनच बदलून घेतली. अन् फवारणीचे दिवस आले की दर साली ते चार तिकोन परत फळ्यावर येतात, अन् आता लोक ते वाचतात कारण फळा वाचायची सवय झाली आहे.

पण फक्त तेवढ्यासाठी बाकीचं लिहिते असं म्हटलं तर तेही खोटं होईल. सावलीची गोष्ट कोणाच्याच कामाची नाही अन् तरी ती मला फार आवडते. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो म्हणून वर्षातून दोन दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येते, आमच्या भागात २२ मे च्या आसपास अन् परत जुलैत, पण जुलैत आभाळ असते. अन् ते बाराला होत नाही, बारा वाजून चौदा-पंधरा मिनिटांनी होते, कारण आपल्या घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेली अन् आपण तिच्या पश्चिमेला. मुंबई तर अजून पश्चिमेला, आपल्याकडं सूर्य निघाल्यावर वीसेक मिनिटांनी त्यांच्याकडं निघते.

आता तिसरी गोष्ट, हसू करण्याची, ती याच सावलीच्या किस्स्यावरून तुम्ही म्हणालात. त्या दिवशी आम्ही अंगणात उखळीत मुसळ उभं केलं, पंधरा-वीस माणसं डोक्याला दुपट्टे बांधून भर उन्हात उभी, सावली आखडत आखडत मुसळाच्या बुडात गेली. तेव्हा आमच्या ऐंशीच्या पुढच्या आजी स्वतःच्या पायाकडं पाहून म्हणाल्या, "लगन झाल्यापासून मांगमांग फिरत होती, आज सुटली बाई." सगळे हसले अन् सगळ्यात जास्त वेळ त्याच हसल्या. त्या घरानं काय काय पाहिलं ते मी इथं लिहिणार नाही, गावाला माहीत आहे. म्हणूनच त्यांचं ते हसणं मला लिहून ठेवावं वाटलं. पोस्ट टाकायच्या आधी मी त्यांना दोनदा वाचून दाखवली, त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, की मुसळ त्यांच्या घरचं होतं ते लिही. लिहिलं आहे, पाहून घ्या.

आपल्याकडं पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली टोमण्यांची गाणी, म्हणतात तेव्हा कोणाला टोले बसतात ते आठवा. कापसाचा भाव पाडणाऱ्याला, सावकाराला, निवडणुकीपुरतं तोंड दाखवणाऱ्याला. वाईट सालीही झडत्या थांबत नाहीत, अन् प्रत्येक झडतीनंतर सगळं गाव "हर बोला हर हर महादेव" म्हणून ओरडते. मी लहानपणापासून बैलांच्या मागं उभी राहून त्या ऐकल्या. हसायचं कोणाला अन् कोणासोबत हे मी तिथंच शिकली, अन् माझ्या एखाद्या किस्स्यात ते उलटं झालेलं दिसलं तर नाव घेऊन सांगा कोणता, मी काढून टाकीन.

उद्याच्या फळ्यावर कांदा आहे. वर "मागं लिहिलं ते चूक होतं" असं मोठ्या अक्षरात, अन् खाली मटक्याचं चित्र.

तुमच्या आई अजून वावरात जातात म्हणालात. या रविवारी फोन केला की त्यांना विचाराल का, पऱ्हाटीच्या त्या कालच्या गुलाबी फुलाला तुमच्याकडं वेगळं काही नाव आहे का? आमच्या मावशीला आठवेना, तिची आई काहीतरी म्हणायची म्हणे.