कोच ओरडतोय हे दिसलं, पण कोणाला ओरडतोय ते बघितलं का?

सकाळपासून तीन ग्रुपवर तीच क्लिप येऊन पडली आहे. एका फुटबॉल क्लबचा नवा मॅनेजर, शेवटच्या मिनिटाचा गोल, आणि हा गडी टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, धावत सुटलाय. कोटाची बटणं उघडी, दोन्ही मुठी स्टँडकडे. अर्धे लोक लिहितात, "चला, शेवटी अंगात रक्त असलेला माणूस आला." बाकीचे अर्धे, "कॅमेऱ्यासाठी नाटकं, लीग जिंकलाय का हा?" सगळं मिळून शे-सव्वाशे मेसेज, आणि त्या माणसाने नव्वद मिनिटांत कोच म्हणून काय केलं यावर एक ओळ नाही. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये वेगळीच मारामारी सुरू होते.

ज्यांना त्याचं धावणं खुपतंय त्यांना आधी सांगतो. 2 डिसेंबर 2018, एव्हर्टनविरुद्ध 96व्या मिनिटाला ओरिगीचा गोल झाला आणि लिव्हरपूलचा मॅनेजर क्लॉप थेट मैदानात घुसून गोलकीपर अ‍ॅलिसनच्या गळ्यात पडला. 8,000 पाउंड दंड झाला. त्याच सीझनला लिव्हरपूलने 97 पॉइंट केले आणि चॅम्पियन्स लीगही जिंकली. मार्च 2004 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर पोर्टोच्या कॉस्टिन्याने बरोबरी साधली तेव्हा त्यांचा कोच मोरिन्यो कोट उडवत टचलाइनभर पळाला होता, आणि पोर्टोने त्या वर्षीची चॅम्पियन्स लीग मारली. तेव्हा एका मॅचसाठी एवढं कशाला, असं विचारणाऱ्यांनी फुटबॉल कशासाठी बघतो ते एकदा स्वतःला विचारावं.

आणि ज्यांना धावणं म्हणजेच सगळं वाटतं, त्यांनी इटालियन कोच अँचेलॉटीकडे बघा. एक भुवई वर जाते, संपलं. कोच म्हणून पाच चॅम्पियन्स लीग. बिएल्सा लीड्सला असताना उलट्या बादलीवर बसून मॅच बघायचा, आणि 16 वर्षांनी 2020 मध्ये त्याने क्लबला प्रीमियर लीगमध्ये परत नेलं. उडी मारण्यावरून कोच चांगला की वाईट हे कळत नाही. अजिबात नाही.

मग बघायचं काय? तो कोणाशी बोलतोय ते बघा. आपल्या खेळाडूशी, रेफ्रीशी, की स्टँडशी.

टेक्निकल एरिया, म्हणजे कोचने उभं राहायची जागा, बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना 1-1 मीटर, आणि पुढे टचलाइनच्या 1 मीटर अलीकडेपर्यंत. एका वेळी एकानेच उभं राहून सूचना द्यायच्या असा नियम आहे. मैदानाची रुंदी साधारण 68 मीटर. पन्नास हजार लोक ओरडत असताना पलीकडच्या विंगरला कोचचा एक शब्द ऐकू जात नाही. म्हणून जाणता कोच पलीकडच्यासाठी घसा फोडत नाही, तो आपल्या बाजूच्या फुलबॅकला, म्हणजे कडेच्या डिफेंडरला, पकडतो. थ्रो-इन मिळाला, कोणी जखमी होऊन पडला, की त्या वीस सेकंदांत निरोप त्याच्याकडे आणि त्याच्याकडून आत मिडफिल्डला. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, बेंच तिथेच राहतं, त्यामुळे पहिल्या हाफमध्ये लेफ्ट बॅक जवळ असेल तर दुसऱ्यात राइट बॅक जवळ येतो. कोणती सूचना कोणत्या हाफमध्ये सहज पोचेल हे आधीच ठरवावं लागतं. बाकी काम हातांनी: तळवे पुढे ढकलले की डिफेन्सची लाइन वर घ्या, तळवे खाली दाबले की घाई नको, बोटं दाखवली की मागे किती जण ठेवायचे.

आणि टचलाइनवरून खेळ नीट दिसत नाही हेही लक्षात घ्या. डोळे मैदानाच्याच पातळीवर, समोर सगळी माणसं एकामागे एक. डिफेन्स आणि मिडफिल्ड यांच्यात किती जागा पडली ते तिथून कळतच नाही. म्हणून अ‍ॅनालिस्ट वर स्टँडमध्ये बसतो आणि खाली बेंचला कळवतो. 2018 पासून नियमात टॅब्लेट, हेडसेट वापरायला परवानगी आहे. मॅनेजर मधेच वळून असिस्टंटच्या टॅबमध्ये डोकं घालतो ना, त्या तीस सेकंदांत त्याच्या सगळ्या नाचण्यापेक्षा जास्त काम होतं. टीव्हीवाले तेव्हा दुसरीकडे कॅमेरा नेतात.

दक्षिण मुंबईतल्या एका मैदानावर रविवारी अंडर-12 ची मॅच बघितली, ती डोक्यातून जात नाही. एका अ‍ॅकॅडमीचा कोच, नाव नको. पहिल्या शिट्टीपासून चालू: "पास दे! पास दे! अरे मार ना! मागे ये!" 7 नंबरचा एक डावखुरा पोरगा, पायात सुंदर टच. बॉल आला की आधी मान बेंचकडे. तेवढ्या अर्ध्या सेकंदात समोरचा अंगावर. बॉल गेला की परत शिव्या. शेजारी उभे असलेले बापलोक कौतुकाने म्हणत होते, "कोच एकदम पॅशनेट आहे."

हे टीव्हीवरून आलंय हो. लोक 11 सेकंदांची क्लिप बघतात आणि कोचिंग म्हणजे हेच असं समजतात. हो, प्रीमियर लीगवाले आणि बारा वर्षांची पोरं सारखी नाहीत, मान्य. पण यंत्रणा तीच आहे. बॉल पायात असताना बाहेरून आलेली सूचना नेहमी उशिरा पोचते. सांगायचं ते बॉल नसताना सांगायचं.

त्या 7 नंबरचं पुढे ऐका. दुसऱ्या हाफमध्ये तो पलीकडच्या बाजूला गेला. तिकडे शेजारी क्रिकेटच्या तीन मॅचेस, अपीलांचा कालवा, कोचचा आवाज पोचेना. पोराने मान वर केली ती गोलकडे बघायला. एकाला आतून काढलं, दुसऱ्याला बाहेरून, मागे कट केला, गोल. कोच उड्या मारतोय, बापलोक टाळ्या पिटतायत, आणि त्या गोलमध्ये कोचचा एक शब्द नव्हता.

रेफ्रीवर ओरडणाऱ्यांबद्दल मात्र मला काडीची सहानुभूती नाही. 2019-20 पासून कोचलाही यलो-रेड कार्ड आहे. उपरोधाने टाळ्या वाजवल्या, बाटली फेकली, कार्ड दाखवा म्हणून सारखे हातवारे केले, तर यलो. नाराजी दाखवायला मुद्दाम टेक्निकल एरिया सोडला तर रेड. बेंचवरून कोण बोललं ते कळलं नाही तर कार्ड तिथल्या सीनियर कोचला. ऑगस्ट 2022 मध्ये चेल्सी-टॉटनहॅम 2-2 संपल्यावर चेल्सीचा टुखेल आणि टॉटनहॅमचा कॉन्टे हँडशेकवरून भिडले, दोघांना रेड. लोकांना मजा आली, मीम झाले. पण कोच स्टँडमध्ये जाऊन बसला की पुढच्या मॅचला चेंज कोण करणार, त्या फुलबॅकला कोण पकडणार? क्लॉपने एप्रिल 2023 मध्ये स्पर्सविरुद्ध (म्हणजे टॉटनहॅमच) 4-3 चा गोल झाल्यावर चौथ्या रेफ्रीच्या तोंडावर जाऊन जल्लोष केला, त्यात स्वतःचा हॅमस्ट्रिंग धरला, वर मॅचनंतर रेफ्रीबद्दल जे बोलला त्यासाठी टचलाइन बंदी आणि 75,000 पाउंड दंड. मला क्लॉप आवडतो. तरी ते चूकच होतं.

"नवा आल्यापासून तीन मॅच जिंकल्या, पॅशनचा परिणाम" हे लिहिणाऱ्यांनो, मॅनेजरला काढतात कधी? टीम तळाला लागल्यावर. तिथून थोडं वर येणं बरेचदा आपोआप होतं. दहा-बारा मॅच जाऊ द्या.

आपल्या आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) मुंबई सिटीचंच घ्या. नवा कोच क्रॅट्की डिसेंबर 2023 मध्ये सीझनच्या मध्यावर आला. त्याच महिन्यात अंधेरीत मोहन बागानविरुद्ध 7 रेड कार्डवाली मॅच झाली, ती सगळ्यांच्या फोनवर होती. जानेवारीत आपला खेळाडू ग्रेग स्टुअर्ट क्लब सोडून गेला. 4 मे 2024 ला कोलकात्यात आयएसएलची फायनल, समोर तेच मोहन बागान, हाफटाइमला आपण 0-1 मागे, शेवटी 3-1 ने कप आपला. ड्रेसिंग रूममधल्या त्या पंधरा मिनिटांची क्लिप कोणाकडे आहे? त्यावर कोणी भांडलं?

एवढं लिहिल्यावर थोडा शांत झालोय, म्हणून हेही लिहितो. रात्री दीडला मॅच लावायची, घरचे झोपलेत म्हणून आवाज बंद, गोल झाला तरी उशीत तोंड घालून ओरडायचं आणि सकाळची 7:40 ची फास्ट पकडायची. अशा माणसाला टचलाइनवर कोणीतरी आपल्यासारखाच वेडा झालेला दिसला की छातीत काहीतरी होतं. ते खरं आहे, आणि ते हिरावून घ्यायचा हक्क कोणालाही नाही. धावू दे त्याला.

फक्त क्लिप नका बघू, पूर्ण फुटेज बघा. ग्रुपवर फिरतेय ती मुठी वर गेल्यावर कापली आहे. त्यानंतर चार सेकंदांनी तो राइट बॅकची मान पकडून जवळ ओढतो, कानात काहीतरी सांगतो, चार बोटं दाखवतो आणि मागे ढकलतो. बाकी सगळे कॉर्नर फ्लॅगजवळ एकमेकांवर पडलेत, आणि हा राहिलेल्या मिनिटांची व्यवस्था लावतोय. गोलनंतरचा जल्लोष म्हणजे कोचला फुकट मिळालेला टाइमआउट.

पुढच्या मॅचला पहिला चेंज झाला की मैदानात जाणाऱ्याकडे बघू नका, बाहेर येणाऱ्याकडेही नको. आत गेलेला आधी कोणाकडे धावत जातो आणि काय सांगतो ते बघा. पाच चेंज आहेत, पण हाफटाइम सोडला तर ते करायला खेळ थांबवायच्या संधी तीनच, त्यामुळे प्रत्येक चेंजसोबत निरोप जातोच. आणि तो निरोप पोचल्यावर पुढच्या पाच मिनिटांत कोणाची जागा बदलली, ते इथे कमेंटमध्ये लिहा.